नांदेड-लातूर: १२४ किलोमीटर आणि न उडणारं विमान

नांदेडचा विमानतळ अंदाजे १९.१८ उत्तर, ७७.३२ पूर्व. लातूरचा अंदाजे १८.४१ उत्तर, ७६.४६ पूर्व. हे चार आकडे हॅवरसाइनच्या सूत्रात टाकले (पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरून) की उत्तर येतं १२४ किलोमीटर. उड्डाणाचा वेळ काढायची सर्वसाधारण युक्ती म्हणजे अंतराला ८०० नं भागायचं आणि चढ-उताराचा अर्धा तास मिळवायचा. म्हणजे जवळपास ४० मिनिटं.

झालं. प्रश्न सुटला, प्रोग्राम चालला, आता चहा प्यायला हरकत नाही.

फक्त एक बारीकशी अडचण आहे. हे विमान अस्तित्वात नाही. लातूरच्या विमानतळावरून, मी हे लिहितोय तेव्हा, कुठेच नियमित प्रवासी विमान जात नाही. नांदेडहून जातात, पण ती लातूरला उतरत नाहीत. दोन जिल्हे, दोन विमानतळ, आणि या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला दिलेले चार मुख्यमंत्री: शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण. शिवाय लातूरचेच शिवराज पाटील चाकूरकर १९८८-८९ मध्ये केंद्रात नागरी विमान वाहतूक खात्याचे राज्यमंत्री. इतकं सगळं असताना माझ्या मुदखेडहून लातूरच्या आत्याकडे जायचा मार्ग कुठला? तर एसटी. नांदेडला उतरायचं, लोहा-अहमदपूरची गाडी पकडायची. माझे आजोबा असेच जायचे, मीही असाच जातो.

हे रडगाणं नाही हं. मला यातला हिशेब आवडला म्हणून लिहितोय. चाळीस मिनिटांचा आकडा बरोबर आहे आणि तरीही निरुपयोगी आहे, आणि तो निरुपयोगी का आहे हे समजायला सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

आधी आकड्याचीच जरा चिरफाड करू.

नांदेडचा विमानतळ शहराच्या उत्तरेला आहे. लातूरचा शहराच्या पश्चिमेला, दहा-बारा किलोमीटरवर. आता नकाशा डोळ्यासमोर आणा. लातूर नांदेडच्या नैऋत्येला आहे. म्हणजे नांदेडहून लातूरला निघालेला माणूस आधी उलट दिशेला उत्तरेकडे जाणार, तिथे विमानात बसणार, नांदेड शहर ओलांडणार, मग लातूर शहरही ओलांडून पलीकडे उतरणार आणि परत मागे येणार. मी दोन्ही शहरांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं तर सरळ अंतर आलं साधारण ११४ किलोमीटर. म्हणजे दोन गावांपेक्षा त्यांचे विमानतळ एकमेकांपासून दहा किलोमीटर जास्त लांब आहेत! मुदखेडकरांची तर आणखी मजा. आम्ही नांदेडच्या पूर्वेला.

दुसरं म्हणजे वेग. या असल्या मार्गावर एटीआर ७२ सारखं पंख्याचं विमान चालतं. त्याचा सरळ उडतानाचा वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास. पाचशेच्या वेगानं १२४ किलोमीटर म्हणजे पंधरा मिनिटं. पण विमान पंधरा मिनिटं पाचशेच्या वेगानं उडतच नाही. पूर्ण उंची गाठायलाच त्याला तेवढा वेळ लागतो. वर पोचायच्या आत खाली यायची तयारी. म्हणजे आपल्या ऑफिसात एखादा माणूस प्रोजेक्टवर येतो, नॉलेज ट्रान्सफर घेतो आणि पूर्ण व्हायच्या आत रिलीज होतो, तसलं काहीतरी. त्यातून नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात, लातूर बालाघाटच्या पठारावर. लातूरची धावपट्टी नांदेडपेक्षा अडीचशे मीटर उंच आहे. पॅसेंजरला फरक पडत नाही, पण मला हा तपशील आवडला. आपण 'सपाट मराठवाडा' म्हणतो ना, तो तेवढा सपाट नाही. एसटी लोह्याकडून अहमदपूरला जाताना घाट म्हणावा असा घाट लागत नाही, तरी आपण हळूहळू चढत असतो.

आता दारापासून दारापर्यंत. नांदेड शहरातून विमानतळ वीस मिनिटं. विमानाच्या आधी किमान सव्वा तास पोचायचं. चाकं हलल्यापासून थांबेपर्यंत चाळीस मिनिटं. उतरून बाहेर यायला पंधरा. लातूर विमानतळ ते शहर पंचवीस. बेरीज: १७५ मिनिटं. पावणेतीन तासांच्या वर.

आणि रस्त्यानं? राष्ट्रीय महामार्ग ३६१. तुळजापूरहून निघून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, तिथून पुढे यवतमाळ, वर्धा करत नागपूरकडे जातो. याच रस्त्यावर लोह्याच्या अलीकडे माळेगाव, खंडोबाच्या यात्रेचं. आता रस्ता रुंद झाल्यापासून नांदेड-लातूर कारनं अडीच ते तीन तास. म्हणजे विमान आणि कार बरोबरीत सुटतात, आणि कारला सामानाची वजनमर्यादा नाही. आत्यानं दिलेलं तुरीचं पोतं विमानात कोण घेणार?

हे फक्त माझं गणित नाही. सरकारच्या 'उडान' योजनेतही हेच गणित लपलेलं आहे. २०१६ साली योजनेचा आराखडा आला तेव्हा साध्या मैदानी प्रदेशासाठी मार्गाची लांबी २०० ते ८०० किलोमीटर धरली होती. डोंगराळ भाग, बेटं, सीमेवरचा संवेदनशील प्रदेश यांना खालची मर्यादा नव्हती. म्हणजे नांदेड-लातूर या यादीत बसतच नव्हतं. २०० च्या आत जमिनीवरची वाहनं जिंकतात हे त्यांनीही मान्य केलं होतं.

खालची मर्यादा नसलेला मार्ग कसा असतो याचं जगातलं सगळ्यात भारी उदाहरण स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर आहे. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे. अंतर पावणेतीन किलोमीटरच्या आत. लोगनएअर नावाची कंपनी १९६७ पासून तिथे विमान चालवते. वेळापत्रकात दोन मिनिटं, वारा चांगला असला तर त्याहून कमी. मुदखेड स्टेशनवरून गावात जायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी! पण ते उडतं, कारण मध्ये समुद्र आहे. आपल्याकडे नांदेड आणि लातूरच्या मध्ये समुद्र नाही. मध्ये आहे लोहा.

पण मग प्रश्न असा, की मध्ये समुद्र नसताना या दोन गावांना एकमेकांकडे जायला कायमच एवढा वळसा का पडत आलाय? विमान सोडा, रेल्वेचंच बघा. रेल्वेनं नांदेडहून लातूरला जायचं तर पूर्णा, परभणी, परळी, लातूर रोड असं घोड्याच्या नालासारखं फिरत जावं लागतं. दोनशे किलोमीटरच्या वर. सरळ अंतर ११४!

याचं उत्तर मुदखेडच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं की चांगलं दिसतं.

मुदखेड हे जंक्शन आहे. एक लाईन मनमाडकडून नांदेडवरून येते आणि धर्माबाद, बासर, निजामाबाद करत सिकंदराबादला जाते. दुसरी इथून फुटून भोकर, हिमायतनगर, किनवट करत आदिलाबादला. पहिली लाईन म्हणजे हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे. निजामाच्या राज्यात १९०० च्या आसपास ती टप्प्याटप्प्यानं सुरू झाली, मीटरगेज. तिचं काम काय होतं? हैदराबादला मनमाडशी जोडणं. मनमाडला ब्रिटिशांची जीआयपी रेल्वे होती, तिथून मुंबई. गोदावरीच्या काठचा कापूस मुंबईकडे आणि राजधानीचा हुकूम खोऱ्याकडे. नांदेड त्या लाईनवर आलं कारण ते गोदावरीवर होतं. मुदखेड आलं कारण ते वाटेत होतं. लातूर वाटेत नव्हतं.

मग लातूरला रेल्वे आलीच नाही का? आली ना. पण भलत्याच बाजूनं. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरनं १८९७ मध्ये बार्शी लाईट रेल्वे चालू केली, अडीच फुटी नॅरोगेज. कुर्डुवाडी ते बार्शी. ती पुढे वाढत वाढत १९११ मध्ये लातूरला पोचली, आणि दुसऱ्या टोकाला १९२७ मध्ये मिरजेला. म्हणजे लातूरचं तोंड पश्चिमेला, सोलापूरच्या दिशेला. नांदेडचं तोंड एकीकडे मनमाड, दुसरीकडे सिकंदराबाद. दोन्ही गावं एकाच निजामाच्या राज्यात, पण एकाची गाडी ७६२ मिलिमीटरच्या रुळावर आणि दुसऱ्याची १००० मिलिमीटरच्या. दोघांच्या पाठी एकमेकांकडे.

नेटवर्किंगचा पेपर दिलेल्यांना कळेल: ही शुद्ध स्टार टोपॉलॉजी आहे. मध्ये हब, बाकी सगळे नोड हबला जोडलेले, नोड-नोड थेट संबंध शून्य. हब आधी हैदराबाद होतं. लातूरच्याच गंजगोलाईचं चित्र डोळ्यासमोर आणा. मध्ये गोल, आणि सोळा रस्ते येऊन मिळतात. गोलाईत दुकान असेल तर मजा. दोन शेजारच्या रस्त्यांच्या टोकांवर घरं असतील तर मात्र आधी गोलाईत या आणि मग परत बाहेर जा.

(अवांतर: हजार-बाराशे वर्षांपूर्वी राष्ट्रकूट स्वतःला 'लट्टलूर'चे स्वामी म्हणवून घेत. अनेक इतिहासकार हे लट्टलूर म्हणजे आपलं लातूर मानतात. आणि नांदेड जिल्ह्यातल्या कंधारच्या किल्ल्याची सुरुवातही राष्ट्रकूट काळात नेतात. त्या लोकांना लातूर आणि कंधार एकाच हाताखाली ठेवायला विमान लागलं नाही. बैलगाडी दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर जाते असं धरलं तर नांदेड-लातूर पाच दिवस. असो.)

निजामाच्या राज्याला वाहतुकीचं वेड होतं हे मात्र मान्य करायला हवं. जून १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेनं स्वतःचा रस्ते वाहतूक विभाग काढला. २७ बस आणि १६६ कर्मचारी. आपल्याकडची पुणे-अहमदनगर एसटी १ जून १९४८ ची, म्हणजे सोळा वर्षं नंतरची. त्याच १९३२ च्या ऑक्टोबरात, १५ तारखेला, जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईला उतरले आणि टाटांच्या हवाई टपाल सेवेला सुरुवात झाली. हैदराबादला बेगमपेठचा विमानतळ झाला. १९४५ मध्ये डेक्कन एअरवेज स्थापन झाली, निजाम सरकार आणि टाटांची भागीदारी. पुढे याच कंपनीनं प्रेम माथुर यांना पायलट म्हणून घेतलं, भारतातल्या पहिल्या व्यावसायिक महिला वैमानिक. १९५३ साली सरकारनं आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स केली, तेव्हा डेक्कन एअरवेज तिच्यात गेली.

म्हणजे एकाच राजधानीत रेल्वे, बस आणि विमान तिन्ही. पण तिन्हींचं केंद्र तेच. हैदराबाद.

आणि मग १९४८. या भागाच्या आकाशातली सगळ्यात गाजलेली उड्डाणं प्रवाशांची नव्हतीच. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक लँकेस्ट्रियन विमानांतून कराचीहून निजामासाठी चोरून शस्त्रं आणत होता. भारतानं राज्याची नाकेबंदी केलेली. जमिनीवरचे रस्ते बंद, म्हणून आकाशाचा वापर. उतरायच्या धावपट्ट्यांमध्ये वरंगळ होतं आणि बिदर होतं. बिदर म्हणजे आमच्या उदगीरच्या पलीकडे. १३ सप्टेंबरला पोलीस ॲक्शन सुरू झाली आणि भारतीय हवाई दलाच्या टेम्पेस्ट विमानांनी या धावपट्ट्यांवर बाँब टाकले. १७ सप्टेंबरला खेळ संपला. आपण तो दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून झेंडा फडकवून साजरा करतो. शाळेत आम्हाला रझाकार शिकवले, स्वामी रामानंद तीर्थ शिकवले, पण शेजारच्या बिदरच्या धावपट्टीबद्दल कुणी बोललं नाही. (बिदर पुढे हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र झालं. प्रवासी विमान यायला २०२० उजाडलं, आणि तेही बंगळुरूहून.)

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. आता हब बदललं. स्टार तोच, मधला गोळा हैदराबादचा उचलून मुंबईला ठेवला. पण रुळ काही उचलून ठेवता येत नाहीत. म्हणून मुंबईहून नांदेडला यायला आजही रेल्वे आधी मनमाडला जाते, मग खाली उतरते. सहाशे किलोमीटरच्या वर आणि साधारण बारा तास. हवेतून मुंबई-नांदेड भरतं ४६८ किलोमीटर. इथे मात्र विमान जिंकतं, आणि दणदणीत जिंकतं: एटीआरनं सव्वा तास, सगळं धरून साडेतीन-चार तास विरुद्ध रात्रभराचा प्रवास.

माझे आजोबा रेल्वेत होते. ते म्हणायचे, "आपल्याकडं अंतर किलोमीटरमधी नस्तंय रे, गाडी बदलण्यामधी असतंय." मनमाडकडून ब्रॉडगेज आलं तरी आदिलाबादची लाईन २००८ च्या आसपासपर्यंत मीटरगेजच होती. मुदखेडला उतरायचं, ट्रंका-बोचकी घेऊन दुसऱ्या गाडीत बसायचं. किनवटच्या माणसाला मुंबई किती लांब होती हे नकाशावरून कळत नाही. इंजिनियरिंगच्या भाषेत सांगायचं तर बँडविड्थपेक्षा लेटन्सी महत्त्वाची. आजोबांनी ते बोचकं उचलून शिकलेलं.

आता विमानतळांकडे येऊ. लातूरची धावपट्टी सार्वजनिक बांधकाम खात्यानं १९९१ मध्ये बांधली. दोन वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. जगभरातून माणसं आणि मदत लातूरच्या दिशेनं आली, आणि 'लातूर' हे नाव एकदम सगळ्यांना माहीत झालं. पण नियमित विमान त्यानंतरही वर्षानुवर्षं नाही.

नांदेडचं भाग्य वेगळ्या कारणानं उजळलं. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजी नांदेडला होते. इथेच त्यांनी गुरू ग्रंथसाहिबला गुरुपद दिलं आणि इथेच त्यांचं निधन झालं. २००८ मध्ये त्याला ३०० वर्षं झाली. गुरु-ता-गद्दीच्या सोहळ्यासाठी शहराला निधी मिळाला, रस्ते झाले, पूल झाले, आणि विमानतळ मोठा झाला. त्याला नावही श्री गुरू गोविंदसिंगजींचं. म्हणजे बघा, नांदेडचा विमानतळ नांदेडकरांच्या प्रवासासाठी मोठा झालेला नाही. तो पंजाबच्या भाविकांसाठी झाला. यात वाईट काही नाही. उलट मला वाटतं, नांदेडच्या विमानतळामागे एवढं भक्कम कारण आहे म्हणूनच तो पुन्हा पुन्हा जिवंत होतो. डिसेंबर २०१७ मध्ये एअर इंडियानं नांदेड-अमृतसर विमान सुरू केलं. सरळ अंतर चौदाशे किलोमीटरच्या वर. तोच प्रवास सचखंड एक्सप्रेसनं केला तर दीड दिवस. अमृतसर उत्तरेला, पण ती गाडीही नांदेडहून निघून आधी पश्चिमेला मनमाडकडे जाते, मग वर वळते. तीच ती निजामाची लाईन!

चौदाशे किलोमीटरवरचं अमृतसर नांदेडला विमानानं जोडलं गेलं आणि १२४ किलोमीटरवरचं लातूर नाही, हे पहिल्यांदा ऐकलं की विचित्र वाटतं. पण वरचं सगळं गणित मांडलं की यात विचित्र काही उरत नाही.

मधल्या काळात बरंच काही येऊन गेलं. २००८ नंतर किंगफिशरची लाल एटीआर या भागात आली. नांदेडलाही आणि थोडे दिवस लातूरलाही. २०१२ मध्ये किंगफिशरच बसली. २००९ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानं नांदेड, लातूर, उस्मानाबाद, यवतमाळ आणि बारामती हे पाच विमानतळ रिलायन्सच्या कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिले. २७ एप्रिल २०१७ ला 'उडान'चं उद्घाटन झालं. पंतप्रधानांनी सिमल्याहून हिरवा झेंडा दाखवला तेव्हा पहिल्या तीन मार्गांत एक नांदेड-हैदराबाद होता. ट्रूजेटची एटीआर ७२. तासाभराच्या उड्डाणाला अर्ध्या सीटचं भाडं अडीच हजारांच्या आसपास बांधलेलं, आणि तोट्याची भरपाई सरकारची.

नांदेड-हैदराबाद हवेतून २४६ किलोमीटर. दोनशेच्या मर्यादेच्या जरासं वर. आता हा मार्ग मुदखेडकराच्या नजरेनं बघा. आमच्या गावाहून सिकंदराबादला थेट रेल्वे आहे, सव्वाशे वर्षांची. रात्री गाडीत बसलं की सकाळी शहराच्या मध्यात उतरतो. मुदखेड भागातली फुलं, गुलाब, मोगरा, काकडा, याच दिशेच्या बाजारावर अवलंबून. विमान उतरतं शमशाबादला. मार्च २००८ मध्ये बेगमपेठ बंद होऊन शमशाबाद सुरू झालं, आणि विमानतळ शहराबाहेर गेला. म्हणजे हवेतला वेळ तोच, पण शहरात पोचायचा वेळ एका रात्रीत वाढला. विमान वाचवतं दीड-दोन तास, तेही दिवसा. रात्रीच्या झोपेतला वेळ धरायचाच नसेल तर रेल्वे जिंकते.

ट्रूजेट २०२२ च्या सुरुवातीला थांबली. नांदेडला पुन्हा शुकशुकाट. मग २०२४ मध्ये स्टार एअर आली. बंगळुरू, दिल्लीजवळचं हिंडन, आणि पंजाबातलं आदमपूर. पुन्हा पंजाब! आणि बंगळुरू कुणासाठी, ते या ब्लॉगच्या वाचकांना सांगायला नको. ;)

लातूरनं दरम्यान वेगळ्याच कारणानं देशाचं लक्ष वेधलं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ज्या बाजूनं १९११ मध्ये नॅरोगेज आली, त्याच बाजूनं. तेव्हा कुणी विचारलं नाही की लातूरला विमान का नाही. विचारायचं कारणही नव्हतं.

तर मग नांदेड-लातूर दरम्यान रोज ये-जा करतं कोण? माझ्या ओळखीतले सांगतो. 'लातूर पॅटर्न'च्या क्लासला गेलेली पोरं, शनिवारी घरी येणारी. त्यांना डबा, चादर आणि पैसे पोचवणारे बाप. सोयाबीन-तुरीचे व्यापारी. नांदेडला दवाखान्यात येणारे अहमदपूर-लोह्याचे पेशंट. लग्नाच्या बोलणीला निघालेले. यातल्या एकालाही तिकिटाचे अडीच हजार परवडत नाहीत असं नाही, पण यातला बहुतेक जण मध्येच चढतो किंवा मध्येच उतरतो. विमान लोह्याला थांबत नाही. ही साधी गोष्ट दोन विमानतळांमधल्या अंतराच्या कुठल्याही तक्त्यात नसते. तक्त्यात दोनच टोकं असतात.

आणि टोकांचं भांडण मात्र जोरात असतं. २००९ मध्ये औरंगाबाद महसूल विभागाचे दोन भाग करून नवीन आयुक्तालय नांदेडला द्यायचं ठरलं तेव्हा लातूर पेटून उठलं. आंदोलनं झाली, प्रकरण कोर्टात गेलं. मुद्दा खरा होता: मुदखेडच्या किंवा निलंग्याच्या माणसाला एका सहीसाठी औरंगाबाद गाठायचं म्हणजे दिवस जातो. आयुक्तालय नांदेडला की लातूरला यावर एवढी वर्षं गेली, पण दोघांच्या मध्ये थेट रेल्वे असती तर ते कुठेही चाललं असतं, असं माझं मत. लोहा-अहमदपूरवरून लातूर रोडला जाणाऱ्या लाईनची मागणी जुनी आहे, सर्वेक्षणाच्या बातम्या अधूनमधून येतात. विमानतळाच्या बातम्या आल्या की गावात पेढे वाटतात. सर्वेक्षणाला कुणी वाटत नाही. ती लाईन झाली तर दोनशेच्या वरचा घोड्याचा नाल निम्म्यावर येईल, आणि ती लोह्याला थांबेल.

आत्याला मी हे सगळं आकडे मांडून सांगितलं. विमानानं चाळीस मिनिटं, पण एकूण तीन तास वगैरे. ती शांतपणे भाकरी थापत होती. म्हणाली, "अन् ते इमान आमदपूरला थांबतंय का? सासुरवाडीची दोन माणसं घ्यायचीत तिथून."

ज्यांना पडताळून बघायचंय त्यांच्यासाठी माझ्या एक्सेलमधला उरलेला तपशील. मुदखेड अंदाजे १९.१६ उत्तर, ७७.५० पूर्व. तिथून सरळ रेषेत नांदेड विमानतळ १९ किलोमीटर, लातूर विमानतळ १३७, बिदर १३९. नांदेड, लातूर आणि बिदर हा जवळजवळ समद्विभुज त्रिकोण आहे, बाजू १२४, १२२ आणि १४२. तिन्ही टोकांना धावपट्टी, आणि एका बाजूवरही विमान नाही. आकडे एक-दोन किलोमीटर इकडे-तिकडे होतील, अक्षांश-रेखांश दोन दशांशांपर्यंतच घेतलेत.